ऑर्कुट : दहा वर्षे आठ महिन्यांचा कारभार

जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेले ऑर्कुट हे गूगलचे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की सभावृत्तांताच्या वह्या, वार्षिक अहवाल, जुन्या पदाधिकाऱ्यांच्या आठवणी अशी सामग्री हाताशी असते. ऑर्कुटचे दप्तर मात्र सभासदांनीच लिहिलेले होते आणि त्यातले बहुतेक आज उघडून पाहता येत नाही. तरीही कोणती सोय कधी आली, सभासदांनी तिचा काय उपयोग केला, कोणत्या बदलाला ते सरावले आणि कोणत्या काळात उठून गेले, याचा क्रम लावता येतो. हा वृत्तान्त त्या क्रमाने लिहिला आहे.

तो लिहिताना एक गोष्ट वारंवार पुढे आली. ऑर्कुटच्या मूळ सोयी थोड्या आणि बऱ्याचशा कच्च्या होत्या. सभासदांनी त्या आपापल्या गरजेप्रमाणे वाकवून घेतल्या आणि त्यातून संस्था वाढली. पुढे सोयी सुधारल्या, देखण्या झाल्या, वेगवान झाल्या. पण त्या आखताना नजर सभासदांवरून हटून शेजारच्या संस्थेवर गेली होती.

स्थापना

संस्थापक ऑर्कुट ब्युक्कोक्तेन यांचा जन्म तुर्कस्तानातील कोन्याचा. अंकाराच्या बिल्केंट विद्यापीठात शिकून ते पीएचडीसाठी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे २००१ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘क्लब नेक्सस’ नावाचे ऑनलाइन मंडळ उभारले. नंतर ‘ॲफिनिटी इंजिन्स’ या कंपनीत माजी विद्यार्थ्यांच्या संघटनांसाठी ‘इनसर्कल’ तयार झाले. तेथून ते गूगलमध्ये अभियंता म्हणून रुजू झाले.

कामाच्या वेळेपैकी पाचवा हिस्सा अभियंत्यांनी स्वतःच्या आवडीच्या प्रकल्पाला द्यावा, अशी मुभा त्या काळी गूगलमध्ये होती. ब्युक्कोक्तेन यांनी त्या वेळात जी साइट बांधली तिला त्यांचेच नाव मिळाले. कंपनीलाही या क्षेत्रात रस होताच. २००३ मध्ये गूगलने ‘फ्रेंडस्टर’ हे ऑनलाइन मंडळ विकत घेण्याचा प्रस्ताव दिला होता. तो नाकारला गेला. मग घरचेच मंडळ सुरू झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ फेब्रुवारी २००४ रोजी, हार्वर्डच्या वसतिगृहात फेसबुकचा जन्म झाला. दोन्ही संस्था एकाच हिवाळ्यातल्या.

पहिल्याच वर्षी कोर्टकचेरीही मागे लागली. ‘इनसर्कल’साठी लिहिलेला संगणकीय कोड ऑर्कुटमध्ये वापरला गेला, असा दावा ॲफिनिटी इंजिन्सने केला. तिकडच्या कोडमधल्या चुकासुद्धा इकडे जशाच्या तशा सापडतात, हा त्या दाव्यातला मुद्दा होता.

सभासदत्वाचे नियम

सुरुवातीला सभासद होण्यासाठी आधीच्या सभासदाचे निमंत्रण लागे. २००६ च्या अखेरीपर्यंत ही अट होती. निमंत्रण मिळवण्यासाठी मित्राच्या मागे लागणे, मिळाल्यावर ते इतरांना वाटणे, हाच संस्थेच्या प्रसाराचा पहिला मार्ग ठरला. वेगळ्या जाहिरातीची गरज पडली नाही. पहिल्या वर्षातच सभासदसंख्येने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

प्रोफाइलचे तीन भाग होते : सामाजिक, व्यावसायिक आणि वैयक्तिक. मित्र जोडताना त्याच्याशी नाते कोणत्या पायरीचे हेही नोंदवता येई : अजून भेट नाही, तोंडओळख, मित्र, चांगला मित्र, जिवलग. मित्रांची मर्यादा एक हजार. ती संपली की माणसे दुसरे प्रोफाइल काढत. प्रत्येक मित्राला विश्वासू, ‘कूल’ आणि आकर्षक या तीन गुणांत श्रेणी देता येई. विश्वासूपणाला हसरे चेहरे, कूलपणाला बर्फाचे खडे आणि आकर्षकपणाला बदाम. कोणी किती दिले हे समजत नसे, एकूण टक्केवारी तेवढी दिसे. ‘फॅन’ होण्याचीही सोय होती आणि फॅन किती ते प्रोफाइलवर झळके. ‘क्रश लिस्ट’ गुप्त असे; दोघांनी एकमेकांची नावे त्यात टाकली तरच दोघांना कळे. अनोळखी माणसाच्या प्रोफाइलवर गेले की आपल्यापासून त्याच्यापर्यंत ओळखीची साखळी कोणाकोणातून जाते तेही दिसे. मुखपृष्ठावर रोज एक ओळीचे भविष्य असे.

यंत्रणा मात्र तोकडी होती. सभासद वाढले तसा सर्व्हर बसू लागला आणि पडद्यावर त्याला लटके रागावणारी सूचना येई : वाईट सर्व्हर, आता तुला डोनट मिळणार नाही. थोड्या वेळात फार उलाढाल करणाऱ्या सभासदाचे खाते यंत्रणा संशयावरून काही काळ ‘तुरुंगात’ टाकी. गंमत अशी की ही गैरसोय सभासदांनी सहन केली, तिच्यावर विनोद केले आणि पुन्हा पान उघडून पाहिले.

सभासद कोण होते

संस्था अमेरिकेत निघाली, भाषा इंग्रजी होती, पण २००४ च्या मध्यापर्यंत ब्राझीलचे सभासद अमेरिकनांपेक्षा जास्त झाले. इंग्रजी कम्युनिटींमध्ये पोर्तुगीज मजकूर येऊ लागला आणि त्यावरून अमेरिकन सभासदांनी कुरकुर केली. व्यवस्थापनाने एप्रिल २००५ मध्ये पोर्तुगीज भाषेची सोय केली. तोवर तिथे घर झालेले होते. सकाळी लवकर उठण्याचा तिटकारा असणाऱ्यांची ब्राझीलमधली कम्युनिटी संस्थेतल्या सर्वांत मोठ्या कम्युनिटींपैकी एक होती. तिच्यात फारशी चर्चा होत नसे. तिचे सभासद असणे हेच सांगणे होते.

भारतात लाट थोडी उशिरा आली. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा २००५ मध्ये सुरू झाली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ बहुतेक तरुणांचे इंटरनेट सायबर कॅफेत होते. काही वर्षांत भारत ब्राझीलखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा देश झाला. पुढे एकूण सभासदांत निम्म्याच्या आसपास ब्राझीलचे, उरलेल्यांत मोठा वाटा भारताचा आणि ज्या देशात संस्था निघाली तिथले अगदी थोडे, अशी स्थिती होती. एवढ्या मोठ्या कंपनीची एखादी सेवा प्रामुख्याने ब्राझील आणि भारत या दोन देशांनी चालवली, असे उदाहरण क्वचितच सापडेल.

सोयी आणि त्यांचा वापर

संस्थेच्या सर्व सोयींत ‘स्क्रॅपबुक’ सर्वांत लाडके. प्रत्येक प्रोफाइलला एक वही जोडलेली. तिच्यात कोणीही लिहावे आणि ते कोणीही वाचावे. उत्तर द्यायचे तर समोरच्याच्या वहीत जाऊन लिहायचे. म्हणजे दोघांचे संभाषण दोन वह्यांत विभागलेले राही आणि तिसऱ्याला ते वाचायचे तर दोन्ही वह्या शेजारी उघडून ओळी जुळवाव्या लागत. हा दोष म्हणायचा, तर त्याच दोषाने माणसांना दिवसभर एकमेकांच्या पानांवर फिरते ठेवले. एकूण स्क्रॅप किती हा आकडा प्रोफाइलवर दिसे आणि तो वाढता राहावा म्हणून नुसते ‘काय रे, कुठे गायब?’ एवढेच लिहून जाणारेही पुष्कळ. वाचून झाल्यावर स्क्रॅप पुसून टाकणारे सावध सभासद होते. तशी सूचना ते प्रोफाइलवर आधीच देऊन ठेवत.

‘टेस्टिमोनियल’ची कथा याहून बोलकी आहे. मित्राने आपल्याविषयी चार शब्द लिहायचे आणि आपण मान्य केल्यावर ते प्रोफाइलवर लागायचे, अशी मूळ योजना. मंजुरीपर्यंत तो मजकूर फक्त आपल्यालाच दिसे. ब्राझीलच्या सभासदांच्या ध्यानात आले की बहुतेक सगळे उघड्यावर असलेल्या या संस्थेत ही एक बंद खिडकी आहे. मग त्यांनी खाजगी निरोप टेस्टिमोनियल म्हणून पाठवायला सुरुवात केली आणि मजकुराच्या आधी बजावून ठेवायचे : हे मंजूर करू नकोस. गडबडीत मंजूर झाले की गुपित जगासमोर. ज्या सोयीचा हेतू जाहीर कौतुक, तिचा वापर गुप्त निरोपासाठी झाला. आपल्याकडे तिचा मूळ हेतूच जास्त पाळला गेला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला वसतिगृहातल्या खोल्यांमधून एकमेकांची टेस्टिमोनियल लिहिण्याची धांदल उडे. आधी मी तुझे लिहिले, आता तू माझे लिही, असा तगादाही असे.

२००६ मध्ये ‘अलीकडचे पाहुणे’ ही सोय आली. आपल्या प्रोफाइलवर कोण येऊन गेले हे कळू लागले. नको असेल तर ती बंद करता येई, पण मग आपले पाहुणेही आपल्याला दिसत नसत. एका लहानशा यादीने सभासदांच्या वागण्यात मोठा फरक पडला. कोणी बंद करून चोरपावलांनी हिंडू लागले. कोणी मुद्दाम चालू ठेवून एखाद्या प्रोफाइलवर जाऊन यायचे, म्हणजे आपण येऊन गेलो हे तिला किंवा त्याला कळावे. एक अक्षर न लिहिता निरोप पोचवण्याचा तो मार्ग होता.

कम्युनिटी कोणीही काढावी. काढणारा मालक, तो नियंत्रक नेमू शके. शेजारच्या कम्युनिटींची यादी बाजूला दिसे आणि तिच्या आधाराने माणूस एका आवडीतून दुसऱ्या आवडीत भटकत जाई. आपण कोण आहोत हे सांगण्यासाठी लोक कम्युनिटींचे सभासद होत. प्रोफाइलवरची ती यादी चाळली की माणसाची शाळा, गाव, आवडता नट आणि नावडता विषय एका नजरेत कळत. सुरुवातीला अल्बममध्ये जेमतेम डझनभर फोटो मावत, त्यामुळे कोणता ठेवायचा याचा विचार करावा लागे.

मराठी सभासद

मराठी मंडळी ऑर्कुटवर लवकर आली. मुंबई-पुण्यातली महाविद्यालये, आयटी कंपन्यांतले तरुण आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत-युरोपात गेलेले लोक, असे तीन मोठे गट. गड-किल्ले, जुनी गाणी, नाटके, तालुक्याचे गाव, शाळेची अमुक सालची तुकडी, आडनाव, अशा शेकडो निमित्तांनी कम्युनिटी निघाल्या. दहावीनंतर पांगलेले वर्गमित्र पुन्हा सापडण्याची सोय यापूर्वी इतकी सहज कधी नव्हती. आडनाव आणि शाळेचे नाव टाकून शोधायचे, फोटोवरून खात्री करायची आणि ‘ओळखलंस का?’ असा स्क्रॅप टाकायचा. सह्याद्रीतल्या ट्रेकची आखणी कम्युनिटीत होई आणि शनिवारी रात्री शेवटच्या लोकलला कर्जत-कसाऱ्याच्या फलाटावर प्रोफाइलचा फोटो आठवत माणसे एकमेकांना हुडकत.

लेखन बहुधा रोमन लिपीत चाले. देवनागरी टंकलेखन तेव्हा सर्वांच्या हाताशी नव्हते. पुढे ऑर्कुट मराठीसह हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू या भाषांत उपलब्ध झाले. दिवाळी आणि मैत्रीदिनाला चमचमत्या चित्रांचे स्क्रॅप पाठवायचे, ही प्रथा याच काळातली. ती चित्रे पुरवणाऱ्या वेगळ्या साइट निघाल्या होत्या.

या ओढीची चिंताही वेळेवर सुरू झाली. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री ११ पासून दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. विद्यार्थी रात्ररात्र जागतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, आपापसात बोलत नाहीत, ही कारणे होती. त्यात खेळ आणि चित्रपट यांचाही वाटा होता, सगळा दोष ऑर्कुटचा नव्हता. पण समाजमाध्यमांच्या ओढीविषयी आज जी चर्चा चालते, तिचा पहिला मसुदा आपल्याकडे त्या सुमारास लिहिला गेला.

तक्रारी, खटले आणि एक चुकीची अटक

कोणालाही कम्युनिटी काढता येते याचा अर्थ कोणालाही कशाचीही निंदा करणारी कम्युनिटी काढता येते. ऑक्टोबर २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने भारतविरोधी मजकुराच्या एका कम्युनिटीवरून गूगलला नोटीस काढण्याचा आदेश दिला. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणाऱ्या मजकुरावरून राज्यात संताप उसळला. २००७ मध्ये काही सायबर कॅफेंची तोडफोडही झाली. मजकूर लिहिणारा कोण, कुठला, हे कॅफेमालकाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण हाताशी तोच होता. आक्षेपार्ह मजकुराची तक्रार थेट करता यावी म्हणून त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी कंपनीशी संधान बांधले.

महाराजांच्या बदनामीच्या प्रकरणाच्या तपासात ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बेंगळुरूहून एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. त्याचा मजकुराशी संबंध नव्हता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आयपी पत्त्याची चुकीची माहिती दिली होती. तो पन्नास दिवस तुरुंगात राहिला. ऑर्कुटच्या इतिहासातला महाराष्ट्राशी जोडलेला हा एक गंभीर प्रसंग. सोय नवी होती, तपासाची रीत तिच्यासाठी तयार नव्हती आणि किंमत तिसऱ्याच माणसाने मोजली.

ब्राझीलमध्ये प्रश्न याहून मोठे होते. बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे आणि वंशद्वेषी मजकूर यांवरून तिथल्या सरकारी वकिलांनी कंपनीवर दबाव आणला. सभासदांची माहिती न दिल्यास रोजचा दंड भरण्याचा हुकूम २००६ मध्ये न्यायालयाने दिला आणि जुलै २००८ मध्ये गूगलने तिथल्या यंत्रणेशी सहकार्याचा करार केला. इराण आणि संयुक्त अरब अमिरातीत ऑर्कुटवर बंदी आली.

सुरक्षेतली ढिलाईही महागात पडली. स्क्रॅपमध्ये चित्रे आणि हलती दृश्ये टाकण्याची मोकळीक होती. तिचाच फायदा घेऊन १९ डिसेंबर २००७ च्या सुमारास एक विषाणू पसरला. स्क्रॅप नुसता पाहिला तरी खाते बाधित होई आणि तोच स्क्रॅप पुढे मित्रांना जाई. काही तासांत लाखो खाती त्याच्या कचाट्यात सापडली. नुकसान फारसे झाले नाही, पण दार किती सताड उघडे आहे ते सगळ्यांनी पाहिले. २००७ च्या अखेरीस स्क्रॅपबुक आणि फोटो कोणी पाहावेत हे ठरवण्याची कुलपे आली. ती आवश्यकच होती. मात्र सगळ्यांनी सगळ्यांचे वाचायचे, या पायावर ज्याची वर्दळ उभी होती, त्या वहीला कुलूप लागताच पाहुण्यांचे फिरणे कमी झाले.

बदलांची मालिका

२००७ पासून सुधारणा झपाट्याने येऊ लागल्या. गोल कोपऱ्यांची नवी मांडणी आली. मित्रांच्या ताज्या हालचालींची यादी मुखपृष्ठावर दिसू लागली. गूगल टॉकशी जोडणी झाली. इतर कंपन्यांना आपापली ॲप्स बसवता यावीत म्हणून गूगलने नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ओपनसोशल’ ही मानके जाहीर केली आणि त्यातून ‘बडीपोक’सारखे खेळ ऑर्कुटवर आले; आपली कार्टूनप्रतिमा मित्राच्या प्रतिमेला मिठी मारते किंवा टपली देते, एवढाच तो खेळ आणि तो प्रचंड चालला. थीम आल्या, फोटोंची मर्यादा वाढत गेली.

ऑगस्ट २००८ मध्ये संस्थेचा कारभार कॅलिफोर्नियातून ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहरी गेला. ‘अक्वान’ ही तिथल्या विद्यापीठातून निघालेली शोधयंत्र कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली होती आणि तिच्यातून कंपनीचे संशोधन केंद्र उभे राहिले होते. ऑर्कुट आता त्या केंद्राकडे आले, भारतातल्या कार्यालयाची त्याला साथ होती. जिथे सभासद तिथे कारभार, हा निर्णय योग्य होता. तो चार वर्षे आधी व्हायला हवा होता.

त्या चार वर्षांत शेजारी बदलला होता. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आणले. मित्रांनी काय केले ते एका पानावर आपोआप येऊ लागले. त्याच्याच सभासदांनी सुरुवातीला कडाडून विरोध केला, पण कंपनी मागे हटली नाही आणि सभासद सरावले. त्याच महिन्यात फेसबुक सर्वांसाठी खुले झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लाइक’ आले. ऑर्कुटवर माणसाची खबर घ्यायची तर संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखे घरोघर फिरावे लागे. फेसबुकने सगळ्यांचे वाण घरपोच आणून दिले. पाचपन्नास मित्रांपर्यंत फिरणे आनंदाचे असते, पाचशे मित्र झाले की ते कष्टाचे होते. ऑर्कुटच्या अनेक सभासदांचे मित्र एव्हाना पाचशेच्या घरात गेले होते.

‘नवे ऑर्कुट’ ऑक्टोबर २००९ मध्ये जाहीर झाले. पान वेगवान होते, रंग बदलता येत, फोटो चढवणे सोपे होते. ते पुन्हा निमंत्रणाने द्यायचे ठरले. २००४ मध्ये निमंत्रणाचे अप्रूप होते, कारण आत काय आहे हे बाहेरच्यांना ठाऊक नव्हते. २००९ मध्ये सगळे आतच होते. काहींना नवी खोली मिळाली आणि बाकीचे जुन्यात राहिले. एकाच संस्थेचे सभासद दोन वेगवेगळ्या मांडण्यांत वावरू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये मित्रांचे वेगवेगळे गट करून ठरावीक गटाशीच बोलण्याची सोय आली. ती कल्पना चांगली होती आणि वर्षभराने गूगलच्याच दुसऱ्या दुकानात ती मुख्य माल म्हणून मांडली गेली.

गळती

बाजारपाहणी करणाऱ्या कॉमस्कोर कंपनीच्या आकड्यांनुसार जुलै २०१० मध्ये भारतात फेसबुकला २ कोटी ९ लाख लोकांनी भेट दिली आणि ऑर्कुटला १ कोटी ९९ लाख लोकांनी. या आकड्यांत एक बारकावा आहे. आधीच्या वर्षीपेक्षा ऑर्कुटचे पाहुणे घटले नव्हते, वाढले होते. मात्र फेसबुक त्याच काळात जवळपास तिपटीने वाढले. इंटरनेटवर नव्याने येणारा माणूस आता थेट तिकडे जात होता; जुन्यांपैकी बरेच जण दोन्हीकडे होते. मग एके दिवशी इकडचे पान उघडायचे राहून गेले, असे एकेकाचे झाले. ब्राझीलने जास्त काळ साथ दिली. तिथे डिसेंबर २०११ मध्ये फेसबुक ३ कोटी ६१ लाखांवर आणि ऑर्कुट ३ कोटी ४४ लाखांवर होते.

कारणे एकापेक्षा जास्त होती. बनावट प्रोफाइल आणि अनोळखी माणसांचे मैत्रीचे प्रस्ताव यांनी विशेषतः स्त्री सभासद वैतागल्या होत्या. फोटो चोरून दुसरे प्रोफाइल काढण्याचे प्रकार सर्रास होत. तक्रारीची दखल कधी आणि कशी घेतली जाईल याचा भरवसा नव्हता. फेसबुकवर खऱ्या नावाचा आग्रह असल्याने ते अधिक सुरक्षित वाटले. शिवाय परदेशातले मित्र, वरिष्ठ सहकारी तिकडे होते. महानगरांतल्या तरुणांत तिकडे असणे प्रतिष्ठेचे ठरले आणि ऑर्कुटची थट्टा होऊ लागली.

आणि मग मालकानेच दुसरे दुकान थाटले. २८ जून २०११ रोजी गूगल प्लस आले. ऑर्कुटला जाणकार चमू होता, कोट्यवधी सभासद होते, दोन मोठ्या देशांत घराघरांत पोचलेले नाव होते. पण कंपनीचे भांडवल आणि लक्ष नव्या साइटकडे गेले. ऑर्कुटचे खाते तिला जोडण्याची सोय देण्यात आली. घर सोडून पलीकडे चला, असा त्याचा सरळ अर्थ सभासदांनी घेतला आणि ते पलीकडे गेले; मात्र गूगल प्लसवर नाही, फेसबुकवर.

समाप्ती

बंद करण्याचा निर्णय ३० जून २०१४ रोजी जाहीर झाला. यूट्यूब, ब्लॉगर आणि गूगल प्लस यांची वाढ ऑर्कुटला मागे टाकून गेली आहे, म्हणून बळ तिकडे लावायचे, असे कारण देण्यात आले. त्या दिवसापासून नवी खाती बंद झाली आणि तीन महिन्यांनी संस्थाच. प्रोफाइल, स्क्रॅप, टेस्टिमोनियल आणि फोटो उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती.

सार्वजनिक कम्युनिटींचा मजकूर जतन करून वाचण्यासाठी ठेवला गेला. त्यात ५ कोटी १० लाख कम्युनिटी, १२ कोटी विषय आणि १०० कोटींहून अधिक संवाद आहेत, असे कंपनीने सांगितले होते. मे २०१७ मध्ये तो संग्रहही हटवला गेला.

संस्थापकांनी २०१४ मध्ये गूगल सोडले आणि ‘हॅलो’ नावाची नवी साइट काढली. ती २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये आणि २०१८ मध्ये भारतात आली, पण फार टिकली नाही. २०२२ मध्ये ऑर्कुटच्या जुन्या पत्त्यावर त्यांचे एक पत्र झळकले. काही नवे घडवत असल्याचे त्यात म्हटले होते. गूगल प्लसचे सर्वसामान्य सभासदांसाठीचे दार २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाले.

ताळेबंद

जमेची बाजू मोठी आहे. भारतातल्या लाखो तरुणांनी आपले पहिले ऑनलाइन प्रोफाइल इथे लिहिले. हरवलेले वर्गमित्र सापडले, ट्रेकचे गट जुळले, काहींची लग्नेही इथल्या ओळखीतून झाली. कम्युनिटीचा मालक आणि नियंत्रक म्हणून अनेकांनी पहिल्यांदा वादात मध्यस्थी केली, नियम केले आणि ते पाळायला लावले. इतकी माणसे जमली तेव्हा त्यांना खेचून आणणारा अल्गोरिदम नव्हता; कोणाकडे जायचे हे सभासद स्वतः ठरवत.

नावे बाजूला तीन नोंदी कराव्या लागतात. सुरक्षा आणि गोपनीयता यांच्या सोयी नुकसान झाल्यानंतर आल्या. सभासद जिथे होते तिथे कारभार उशिरा पोचला. आणि शेवटची काही वर्षे जे बदल झाले त्यांतले बहुतेक फेसबुककडे पाहून झाले. ‘हे मंजूर करू नकोस’ असे बजावत टेस्टिमोनियलमधून निरोप धाडणाऱ्या सभासदाला खाजगी निरोपाची नीट सोय हवी आहे, हे संस्थेने वेळेवर ओळखले नाही. जुन्याच्या मोहाने असे म्हणता येणार नाही की ऑर्कुट फेसबुकपेक्षा चांगले होते. ते अधिक ढिसाळ होते आणि त्याच्या ढिसाळपणाचा त्रास काही निरपराधांना झाला. पण सोय देणारा आणि वापरणारा यांच्यात शहाणा कोण, या प्रश्नाचे ऑर्कुटपुरते उत्तर ‘वापरणारा’ असेच द्यावे लागेल.

ज्या सभासदांनी मुदतीत आपले स्क्रॅप, टेस्टिमोनियल आणि फोटो उतरवून घेतले असतील, त्यांनी ती फाइल एकदा उघडून पाहावी, तिची आणखी एक प्रत करावी आणि ज्या मित्रांचे लेखन त्यात आहे त्यांना ते पाठवावे. आणि आज ज्या संस्थांत आपण रोज लिहितो, फोटो ठेवतो, त्यांतून आपली प्रत आजच काढून ठेवावी. बंद होण्याची सूचना ऑर्कुटने तीन महिने आधी दिली होती. पुढची संस्था तेवढाही अवधी देईलच असे नाही.